'रेस्ट' नावाचा संघ

१९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर एक अंतिम सामना झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. प्रतिस्पर्धी संघ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपला आणि दुसऱ्या डावात त्याने ३८७ केल्या. या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला तो गेलाच. क्रिकेटच्या गप्पांत ही आकडेवारी अजूनही निघते. पण हजारे ज्या संघातून खेळत होते त्या संघाच्या नावाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्या संघाचे नाव होते 'रेस्ट', म्हणजे बाकीचे, उरलेले.

हजारे यांचा जन्म १९१५ सालचा, सांगलीचा. घरची भाषा मराठी, धर्म ख्रिस्ती. सांगलीच्या मातीतला हा माणूस मुंबईच्या मैदानावर 'उरलेल्यां'मध्ये का गणला गेला, याचे उत्तर त्या स्पर्धेच्या इतिहासात आहे. खेळाडूंची विभागणी कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न कोणत्याही साखळी स्पर्धेत नियमांच्याही आधी सुटलेला असतो. तो कोणी सोडवला आणि कसा, हे मात्र नियमांच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

मुंबईत हा प्रश्न सोडवला तो क्लबांच्या सवयीने. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे हिंदूंचे आणि मुसलमानांचे क्लब निघाले तेही आपापल्या समाजापुरते. गोऱ्यांच्या बॉम्बे जिमखान्यात एतद्देशीयांना सभासदत्व नव्हतेच. १८७७ मध्ये पारशी आणि जिमखाना यांचा पहिला सामना झाला. त्याच सुमारास एस्प्लनेडच्या मैदानावर गोऱ्यांचा पोलो आणि देशी पोरांचे क्रिकेट यांचे भांडण जुंपले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत होत्या आणि अर्जविनंत्यांचे ढीग साचत होते. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या संघर्षाची हकिकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. १८९० मध्ये पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवले आणि काही वर्षांतच युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने मुंबई-पुण्यात दरवर्षी होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले, ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. त्यात प्रामुख्याने देशी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन होते. चार खणांत जे बसले नाहीत त्यांचा हा पाचवा खण. स्पर्धेला मराठीत पंचरंगी असे गोंडस नाव मिळाले.

या खणांमुळे केवळ भिंतीच उभ्या राहिल्या असे म्हणणे मात्र अर्धवट ठरेल. राज्यकर्त्यांना चारचौघांत, त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी हरवण्याची संधी याच स्पर्धेने दिली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांना हरवले, तेव्हा त्याचा अर्थ लावायला वर्तमानपत्रांना फार डोके खाजवावे लागले नाही. त्या विजयात मोठा वाटा होता पाळवणकर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा. आणि इथेच खणाच्या आतला दुसरा खण उघडा पडतो.

बाळू चांभार समाजातले. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी लाटण्याची, जाळी बांधण्याची नोकरी करताकरता ते साहेबांना चेंडू टाकू लागले आणि असामान्य डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याशिवाय जिंकणे कठीण होते. मैदानावर त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावायला कोणाची हरकत नव्हती. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. साताऱ्याची एक हकिकत सांगितली जाते. पुण्याहून नीरा ओलांडून, शिरवळवरून खाली उतरणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. तिथे गोऱ्यांचा जिमखाना होता. पुण्याचा संघ येणार म्हटल्यावर बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर लाटून घेतली. बाळूंनी तरीही सात बळी घेतले. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याला पंगतीत बसवायचे नाही त्याच्या गळ्यात हार घालायचा, हा पेच त्या काळच्या सुधारकांच्याही वाट्याला आला होता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये यावरून वाद इतका पेटला की विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. शेवटी बाळूंना उपकर्णधार करून तडजोड झाली. १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. धर्माच्या नावाने संघ बांधला की त्या धर्मात कोण येतो आणि कोणत्या पायरीवर येतो, हा प्रश्न टाळता येत नाही. चौरंगीने तो प्रश्न निर्माण केला नव्हता, पण हजारो प्रेक्षकांसमोर मांडला. हे तिचे श्रेय, तिच्या चालकांना बहुधा नको असलेले. याच बाळूंनी १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभव पत्करला. त्याची चर्चा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

याच वर्षांत जर्मनीत खेळाची फेरमांडणी चालली होती, ती मात्र सरकारी हुकमाने. तिथे फुटबॉल पहिल्यापासून प्रादेशिक. दक्षिण जर्मनीचा संघ १८९७ मध्ये स्थापन झाला, अखिल जर्मन संघटना त्यानंतर, १९०० मध्ये. प्रांतोप्रांतीच्या विजेत्यांनी शेवटी एकमेकांशी भिडायचे, अशी रीत. १९०३ च्या पहिल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात लाइपझिगने हरवलेला प्रागचा क्लब जर्मनभाषक ज्यूंचा होता, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नव्हते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने देशाचे सोळा विभाग पाडून 'गाऊलिगा' नावाच्या साखळ्या सुरू केल्या. कागदावर विभागणी निव्वळ भूगोलाची होती. पण त्याच वर्षी ज्यू खेळाडू क्लबांबाहेर गेले. कार्ल्सरुहेसाठी १९१० चे विजेतेपद मिळवणारे यूलियुस हिर्श त्यांपैकी एक. १९४३ मध्ये त्यांना आउश्वित्झला पाठवण्यात आले. हजारे यांनी ३०९ धावा केल्या ते हेच वर्ष. या दोन गोष्टी एका तराजूत घालण्याचा मोह टाळलाच पाहिजे. मुंबईत 'उरलेल्यां'ना खेळायला मैदान होते. तिथे जगण्यालाही जागा नव्हती. मात्र प्रादेशिक नाव दिले म्हणून संघ सर्वांचा होत नाही, एवढे यातून दिसते.

भारतातही भूगोलाचा पर्याय पुढे आला होता. १९३४ मध्ये रणजी करंडक सुरू झाला. महाराष्ट्राचा संघ संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेता ठरला. तरी गर्दी लोटे ती पंचरंगीला. १९३७ मध्ये नव्या स्टेडियममधल्या जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने माघार घेतली, इतका स्पर्धेभोवतीचा मानापमान तीव्र होता. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी खेळात धर्मवार संघ नकोत असे स्पष्ट मत दिले. ज्यांच्या धावत्या वर्णनाने हे सामने घरोघर पोचले त्या बॉबी तल्यारखान यांनीही पुढे विरोध केला. समर्थकांचे म्हणणेही पोकळ नव्हते: १९४४ चा अंतिम सामना मुस्लिम संघाने हिंदूंविरुद्ध अवघ्या एका गड्याने जिंकला आणि खेळाडू एकमेकांचे अभिनंदन करून घरी गेले. पण मैदानावरचे सौजन्य मैदानाबाहेरच्या राजकारणाला पुरे पडत नव्हते. १९४५-४६ नंतर स्पर्धा बंद झाली.

१९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो हजारे यांच्या नेतृत्वाखाली. आज राज्याराज्यांच्या संघांची एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. 'रेस्ट'मधून खेळलेल्या माणसाचे नाव आता प्रादेशिक संघांच्या करंडकावर आहे, हे योग्यच झाले. ज्यांच्या साताऱ्याच्या सात बळींची आठवण आपण काढली त्या बाळूंच्या नावाचा तसा राष्ट्रीय करंडक मात्र नाही. धर्माचे खण मोडून आपण प्रांतांचे खण केले, हे खरे. आतल्या पायऱ्यांचा हिशेब अजून मांडायचा राहिला आहे.