अक्षरांत राहिलेला देश

आर्मेनियाची राजधानी येरेवान येथील मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात एक प्रचंड ग्रंथ आहे. त्याचे वजन सुमारे २८ किलो. वासरांच्या कातड्यापासून तयार केलेल्या पानांवर १२०० ते १२०२ या काळात लिहिलेले हे प्रवचनांचे संकलन ‘मूशची प्रवचने’ या नावाने ओळखले जाते. लिहून झाल्यावर थोड्याच काळात हा ग्रंथ लुटीत गेला, तेव्हा लोकांनी वर्गणी जमवून, चांदीची नाणी मोजून तो सोडवून आणला आणि मूशजवळच्या मठात ठेवला. तिथे तो सातशे वर्षे राहिला. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांची हद्दपारी आणि कत्तल सुरू झाली, त्या धुमाळीत तो दोन निर्वासित स्त्रियांच्या हाती लागला. एकीला उचलवेना, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एकीने आपला भाग एचमियाझिनच्या धर्मपीठापर्यंत पोचवला. दुसरी वाटेत मरण पावली. पण त्याआधी तिने आपला भाग एर्झुरूमच्या एका मठात पुरून ठेवला होता. तो नंतर सापडला आणि दोन्ही भाग एकत्र आले. पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या या कथेत त्या स्त्रियांची नावे येत नाहीत.

जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्या माणसाने पुस्तकाचे एवढे ओझे का उचलावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर पाचव्या शतकापर्यंत मागे जावे लागते.

परंपरेनुसार आर्मेनियाच्या राजाने इ. स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तो राज्याचा धर्म केला. मात्र उपासना ग्रीक आणि सिरियाक भाषांत चाले. सामान्य माणसाला त्यातले अक्षरही कळत नसे. ३८७ मध्ये रोमन आणि इराणी सत्तांनी देश वाटून घेतला. अशा वेळी मेस्रोप माश्तोत्स या धर्मोपदेशकाने, राजा व्रामशापुह आणि धर्मप्रमुख साहाक यांच्या पाठिंब्याने, ४०५ च्या सुमारास आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली. त्याचा शिष्य कोर्युन याने लिहिलेले त्याचे चरित्र आजही उपलब्ध आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, ही घटना आपल्याला येथे सहज आठवेल. माश्तोत्सला त्याच्याही आधीपासून सुरुवात करावी लागली. त्याच्या भाषेला स्वतःची लिपीच नव्हती.

पुढे अवघ्या २३ वर्षांत, म्हणजे ४२८ मध्ये, आर्मेनियाचे राजघराणे संपले. लिपी मात्र टिकली. मध्ययुगात तिच्यात दोन अक्षरांची भर पडली, एवढेच. या अक्षरांतून झालेली भाषांतरेही मोलाची आहेत. युसेबिअसच्या कालवृत्तान्ताचे मूळ ग्रीक पुस्तक संपूर्ण स्वरूपात उरलेले नाही. आर्मेनियन भाषांतरामुळे त्याचा मोठा भाग आपल्या हाती आला. अलेक्झांड्रियाच्या फायलोचे काही ग्रंथही असेच वाचले.

हस्तलिखितांच्या शेवटी नकलाकार एक टिपण जोडत असे. त्याला ‘हिशाताकारान’, म्हणजे स्मरणलेख, म्हणतात. त्यात तो आपले नाव लिही, ग्रंथ करवून घेणाऱ्याचे नाव लिही आणि वाचकाला प्रार्थनेत आपली आठवण ठेवण्याची विनंती करी. जोडीला त्या वर्षीची स्वारी, दुष्काळ, करांचा जाच यांच्याही नोंदी येत. राजदरबार उरला नव्हता, बखरकारांना आश्रय देणारे कोणी नव्हते. अशा शतकांचा इतिहास या टिपणांनी सांभाळला. ग्रंथ गमावणे म्हणजे त्यातली सारी माणसे पुन्हा एकदा गमावणे, ही भावना या परंपरेतून आली असावी. मूशच्या ग्रंथासाठी वर्गणी देणाऱ्यांना आणि त्या दोन स्त्रियांना बांधणारा धागा मला येथे दिसतो.

पहिले आर्मेनियन पुस्तक छापले गेले ते आर्मेनियात नव्हे, तर १५१२ मध्ये व्हेनिसमध्ये. बायबल १६६६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. इराणच्या शाह अब्बासने १६०४–०५ मध्ये आरास नदीकाठच्या जुल्फा गावातील लोकांना उठवून इस्फहानजवळ वसवले. या नव्या जुल्फातले रेशमाचे व्यापारी पुढे सुरत, मद्रास, कलकत्ता येथे पोचले. मुंबईच्या फोर्ट भागातील १७९६ सालचे आर्मेनियन चर्च याच समाजाच्या वावराची खूण आहे. मद्रासमध्ये शाहामिर शाहामिर्यान याने १७७२ मध्ये छापखाना काढला. स्वतंत्र आर्मेनिया कुठेही अस्तित्वात नसताना त्याच्या भावी प्रजासत्ताकाची राज्यघटना याच छापखान्याने प्रसिद्ध केली. हारुत्युन श्मावोन्यान या धर्मगुरूने १७९४ मध्ये ‘आज्दारार’ सुरू केले, तेही मद्रासलाच. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक असे भारतात निघाले.

२४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये अटकसत्र सुरू झाले, ते लेखक, संपादक, शिक्षक आणि पुढारी यांच्यापासून. दानियेल वारुझान, सियामांतो, रुबेन सेवाक हे कवी त्याच वर्षी मारले गेले. संगीतकार कोमितास जिवंत परतला, पण त्याचे मन कायमचे खचले. १९३५ मध्ये पॅरिसमध्ये तो वारला. मृतांची संख्या सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितली जाते. तुर्कस्तान सरकार या घटनेला वंशसंहार मानत नाही.

दगडही सुरक्षित राहिले नाहीत. जुन्या जुल्फाच्या दफनभूमीतील हजारो खाचकार, म्हणजे कोरीव क्रूसशिळा, १९९८ ते २००५ या काळात नष्ट करण्यात आल्या. हा प्रदेश आज अझरबैजानच्या ताब्यात आहे, आणि तेथील सरकार हा आरोप नाकारते. सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियनांना घरदार सोडावे लागले.

मातेनादारानमध्ये आज सुमारे २३ हजार हस्तलिखिते व त्यांचे अवशेष जतन केलेले आहेत. तरीही एक चिंता उरतेच. १९१५ च्या आपत्तीतून वाचलेल्यांनी परदेशी नेलेली पश्चिम आर्मेनियन ही बोली युनेस्कोने २०१० मध्ये संकटग्रस्त भाषांच्या यादीत घातली. वारुझानने याच बोलीत लिहिले. अर्धा ग्रंथ जमिनीत पुरून पुढच्या कोणासाठी तरी ठेवता येतो. बोलीची तशी सोय नसते. ती रोज कोणीतरी कोणाशी तरी बोलावी लागते. बैरूत, इस्तंबूल आणि लॉस एंजेलिस येथील आर्मेनियन शाळांत माश्तोत्सची अक्षरे गिरवणारी मुले घरी गेल्यावर कोणत्या भाषेत बोलतात, यावर त्या दोन स्त्रियांनी वाहिलेल्या ओझ्याचा पुढचा इतिहास अवलंबून आहे.