ऑटो की मॅन्युअल? फिल्म कॅमेऱ्यातलं जुनं भांडण

फोटोग्राफीचं वेड असलेले दोघे भेटले की एक वाद हमखास निघतो. एक म्हणतो, "मॅन्युअलवर काढ, तर तू खरा फोटोग्राफर." दुसरा म्हणतो, "कॅमेऱ्याला अक्कल दिलीये तर वापरायला काय जातंय?" हा वाद डिजिटलच्या कितीतरी आधीचा आहे. मी दिवसभर ऑटोमेशनचाच कोड लिहितो, त्यामुळे मला त्याचा इतिहास फार रंजक वाटतो.

मूळ प्रश्न साधा. फिल्मवर प्रकाश किती पडू द्यायचा? हातात दोन गोष्टी: अ‍ॅपर्चर, म्हणजे भोक केवढं, आणि शटर स्पीड, म्हणजे ते किती वेळ उघडं. १०० स्पीडची फिल्म, लख्ख ऊन, तर एफ/१६ आणि १/१२५ सेकंद, हा जुना ठोकताळा. ढग आले की गणित चुकलं. आणि फिल्मचा दुष्टपणा असा की चूक लगेच कळत नाही. ३६ फोटो संपणार, रोल लॅबमध्ये जाणार, आणि प्रिंट हातात आल्यावर कळणार की मंगलाष्टकांचे सगळे फोटो काळेठिक्कर! आता पुन्हा अंतरपाट धरा म्हणून कोणाला सांगणार?

यावर पहिला उपाय काढला कोडॅकने, १९३८ साली, 'सुपर सिक्स-२०' मध्ये. प्रकाश पडला की सेलेनियमच्या सेलमध्ये वीज तयार होते आणि मीटरचा काटा हलतो. बटण दाबलं की काटा आहे तिथेच पकडला जायचा आणि त्यानुसार अ‍ॅपर्चर ठरायचं. ना बॅटरी, ना चिप! पण किंमत २२५ डॉलर, त्यामुळे फारसा खपला नाही.

१९६१ चा ऑलिंपस पेन ईई मला जास्त आवडतो. प्रकाश कमी असला तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी यायची आणि शटर दबायचंच नाही. आमच्या भाषेत, चुकीचं उत्तर गुपचूप देण्यापेक्षा सरळ एरर देणं. :)

खरी गंमत १९७६ ची. त्या एकाच वर्षी दोन कॅमेरे आले. कॅनन एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर होता: शटर स्पीड तुम्ही निवडा, अ‍ॅपर्चर तो बघेल. इलेक्ट्रॉनिक्समुळे आतले शेकडो सुटे भाग कमी झाले आणि किंमत उतरली. म्हणजे ऑटोमेशन आलं ते फक्त सोयीसाठी नाही, कारखान्याच्या हिशेबासाठीही. दुसरा पेंटॅक्स के१०००. सगळं यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरपुरती. बॅटरी संपली तर एई-१ चं शटर उघडतच नाही. के१००० निवांत चालू राहतो. हा 'मागासलेला' कॅमेरा १९९७ पर्यंत बनत होता!

का बरं? कारण मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे, हे त्याचं गृहीतक. म्हणून बर्फ करडा येतो आणि खिडकीपुढे उभ्या माणसाचा चेहरा काळा. एई-१ मध्ये यासाठी एक बटण होतं, दाबलं की अ‍ॅपर्चर दीड स्टॉप जास्त उघडायचं. पण ते कधी दाबायचं हे माणसालाच कळावं लागायचं. आणि अ‍ॅपर्चर हाताने लावलं, तर व्ह्यूफाइंडरमधला काटा कॅमेऱ्याचंच मत सांगत राहायचा, तुम्ही काय लावलंय ते नाही! मला हे मॅन्युअल नसण्यापेक्षा वाईट वाटतं. सूत्रं हातात देता, पण समोरचा आरसा काढून घेता.

या भांडणाचं सगळ्यात समजूतदार उत्तर आलं २००१ मध्ये, निकॉन एफएम३ए. ऑटोवर ठेवा, शटर स्पीड तो ठरवेल. हाताने लावा, तर १/४००० पर्यंतचे सगळे स्पीड बॅटरीशिवायही चालतील. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दोन काटे: एक तुमचा, एक मीटरचा. दोघांत मतभेद किती, ते एका नजरेत! २००६ मध्ये तो बंद झाला, तोवर बाजार डिजिटलकडे वळला होता.

म्हणून मला 'ऑटो की मॅन्युअल' हा प्रश्नच चुकीचा वाटतो. यंत्राने खुशाल ठरवावं. फक्त काय ठरवलं ते दाखवावं, आणि शेवटचा शब्द माझा असावा. कॅमेरा असो नाहीतर सॉफ्टवेअर, जे यंत्र एवढं करतं त्याच्यावर मी डोळे झाकून नाही, पण डोळे उघडे ठेवून नक्की विश्वास ठेवीन.