नित्य शास्त्रवाचन आणि पंडिता रमाबाई



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह. मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि सारा जन्म चूल, मुले व सासरची माणसे यांत गेला. तरीपण ज्या एका गोष्टीने माझ्या घरात फरक पडला ती तुमच्यापुढे मांडावी, असे वाटले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली. सासूबाई रोज पहाटे एक अध्याय वाचीत. त्यात कधी खंड पडला नव्हता. त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, आता तू वाच, मी ऐकते." मी वाचू लागले, पण जोडाक्षराला अडखळे, नावे चुकवी. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "काल काय वाचलंस गं?" मला काही सांगता येईना! लग्नाला वीस वर्षे झाली, पवित्र शास्त्र घरात होते, रविवारी पिशवीतून देवळात जात होते. पण ते माझ्या हातात असे नव्हतेच.

ही हकीकत मी पाळकबाईंना सांगितली. त्यांनी मला पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचायला दिले. त्यानंतर मिळेल ते वाचीत गेले, तेव्हा कळले की आपल्या मराठीत देवाचे वचन सहजासहजी आलेले नाही.

गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार १८११ साली काढला. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले, मराठी शिकले आणि सोबत्यांसह भाषांतराला लागले. १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला.

परंतु आपणा स्त्रियांना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट रमाबाईंची. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या आईने लेकीला शिकविले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. पुढे आसामात सिल्चर येथे संसार करीत असताना, पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले. त्यांचे शास्त्रवाचन तेथून सुरू झाले. १८८२ साली पती वारले. पदरी तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

मला यापुढचा भाग फार मोलाचा वाटला. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त अजून मिळाला नाही. एवढी विद्वान बाई. पण आपल्याला सारे समजले असे न म्हणता ती पुन्हा शास्त्र उघडून बसली. मग आपण संडेस्कुलात शिकलेल्या चार गोष्टींवर सारा जन्म काढावा काय?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. त्या मुलींना प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी जड जाई. तेव्हा, वयाची चाळिशी उलटून गेल्यावर, रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांच्या आधारे सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतल्या बायकांनीच केली. ज्यांना पूर्वी अक्षरओळख नव्हती, अशाही त्यांत होत्या. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक गेली, तरी आईने काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई देवाघरी गेल्या आणि १९२४ साली त्यांचे सबंध बायबल बाहेर पडले.

हे वाचून मला माझ्या अडखळण्याची लाज वाटेनाशी झाली. ज्या बायकांनी एक एक खिळा वेचून ओळ जुळविली, त्यांनाही पहिल्या दिवशी ते साधले नसेलच. मी वहीत तीन गोष्टी लिहू लागले: कोण बोलत आहे, कोणाला बोलत आहे, आणि आज मी काय करायचे. एवढ्याला वीस मिनिटे पुरतात.

या तिसऱ्या प्रश्नाने मात्र मला अडचणीत टाकले. घराच्या वाटणीवरून माझ्या मोठ्या जाऊबाईंशी माझे आठ महिने बोलणे नव्हते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, वेदीजवळ अर्पण आणले असता भावाचा रोष आठवला तर आधी जाऊन समेट करावा, असा उपदेश आहे. सासूबाईंना तो वाचून दाखविताना माझा आवाजच बसला. त्या काही बोलल्या नाहीत. तीन दिवस मी वहीत तिसरा प्रश्न कोरा ठेवला. चौथ्या दिवशी जाऊबाईंच्या दारात जाऊन म्हटले, "आक्का, माझं चुकलं." त्यांनी आत बोलाविले, चहा ठेवला. वाटणीचा प्रश्न पुरुषमंडळींत अजून मिटलेला नाही. पण आमची मुले पुन्हा एका ताटात जेवतात. नुसत्या रविवारच्या उपदेशाने मी त्या दारात गेले नसते. रविवारचे ऐकलेले सोमवारी विसरता येते. रोजचे वाचन मात्र पाठ सोडीत नाही.

तीमथ्याला त्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून मिळाला. बिरुया गावचे लोक पौलाचे बोलणे खरे की काय, हे रोज शास्त्रात शोधून पाहत. म्हणजे घरात शिकविणे व स्वतः पडताळून पाहणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत. ती पाळकसाहेबांवर टाकून चालणार नाही.

भगिनींनो, वेळ नाही ही सबब मीही वीस वर्षे सांगितली. तरी माझी विनंती एवढीच, की या वर्धापनदिनापासून प्रत्येकीने रोज एक अध्याय वाचावा आणि जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवावा. सासूबाईंचे डोळे आता बरे आहेत. तरी पहाटे त्या मलाच म्हणतात, "तू वाच, मी ऐकते." आणि वाचून झाले की अजून विचारतात, "काल काय वाचलंस गं?" आता मला सांगता येते.