कळीचा मुद्दा : ७०० डॉलर

टंकलेखन यंत्राचे एखादे अक्षर अडकू लागले, तर दुरुस्ती करणारा फक्त त्या अक्षराची दांडी पाहतो. ब्रशने मळ काढतो, दांडी वाकली असेल तर सरळ करतो, थेंबभर तेल सोडतो. मुंबईत १९५५ साली गोदरेजने यंत्रे बनवायला सुरुवात केली; ती अशाच देखभालीवर कचेऱ्यांतून आणि टायपिंगच्या वर्गांतून वर्षानुवर्षे खडखडत राहिली. बिघाड एका कळीचा, म्हणून बिलही एका कळीचे. त्यात वाद घालावा असे फारसे काही नसे.

२०१५ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत हा साधा हिशेब पार बिघडला. ॲपल कंपनीच्या लॅपटॉपची एक कळ चालेनाशी झाली आणि वॉरंटी संपलेली असली, तर दुरुस्तीसाठी सुमारे ७०० डॉलर पडू लागले. तेवढ्यात दुसरा साधा लॅपटॉप विकत येतो! हा आकडा आला कोठून, हे समजण्यासाठी आधी कळीच्या पोटात डोकावले पाहिजे.

कात्री आणि फुलपाखरू

लॅपटॉपच्या नेहमीच्या कळीखाली प्लॅस्टिकच्या दोन चौकटी कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना मध्यावर छेदतात. बोट कळीच्या कोपऱ्यावर पडले तरी या कात्रीमुळे कळ तिरकी न होता सपाट खाली जाते. मध्यभागी रबराची इवलीशी टोपी असते. ती दबली की विद्युतमंडल पूर्ण होते आणि बोट उचलताच तीच टोपी कळीला वर ढकलते.

मार्च २०१५ मध्ये ॲपलने फक्त १३.१ मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप जाहीर केला. त्यासाठी कात्री काढून मध्यावर बिजागरी असलेले दोन पंख बसवले आणि रबराच्या टोपीऐवजी पोलादाचा घुमट घातला. पंखांमुळे या रचनेला ‘बटरफ्लाय’ म्हणजे फुलपाखरू असे नाव मिळाले. कात्रीपेक्षा ती ४० टक्क्यांनी पातळ होती. २०१६ साली ती ‘मॅकबुक प्रो’ या महागड्या यंत्रांतही आली.

आता मापे पाहू. ही कळ जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जाते. (वर्गात अर्धा मिलिमीटर दाखवायचा असेल, तर वहीच्या पाच-सहा पानांची चळत मुलांच्या बोटांत द्यावी.) बारीक वाळूचा कण असतो सुमारे ०.२ मिलिमीटरचा. असा एक कण पंखाखाली शिरला की कळीचा दोन पंचमांश रस्ता अडलाच. मग कधी अक्षर उमटत नाही, तर कधी एकदा दाबूनही दोनदा उमटते. टंकलेखन यंत्राच्या कळीला खाली जायला भरपूर जागा असते; असल्या कणाची तिला दखलही नसते.

कंपनीने सुचवलेला उपाय मोठा मजेशीर होता : लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरून दाबाखालच्या हवेचा फवारा नागमोडी मारायचा. तेवढ्याने भागले नाही, तर सेवाकेंद्र गाठायचे. तेथे खरी अडचण सुरू होई. कळफलक ॲल्युमिनियमच्या वरच्या झाकणाला रिव्हेटांनी कायमचा ठोकलेला आणि त्याच झाकणाला बॅटरी गोंदाने चिकटवलेली. त्यामुळे कळ नीट बसत नसेल तर कळफलक, झाकण, बॅटरी असा सगळा गठ्ठाच बदलावा लागे. ७०० डॉलर पडत ते या गठ्ठ्याचे. ग्राहकाच्या लेखी ‘बिघडलेला भाग’ म्हणजे एक कळ होती, कंपनीच्या लेखी अर्धा लॅपटॉप. सगळे भांडण या एका व्याख्येवर उभे होते.

तक्रारीपासून न्यायालयापर्यंत

ऑक्टोबर २०१७ मध्ये केसी जॉन्स्टन या पत्रकार महिलेने आपल्या लॅपटॉपची हकिगत ‘द आउटलाइन’मध्ये लिहिली. सेवाकेंद्रातल्या माणसाने धुळीच्या कणाकडे बोट दाखवले होते. लेख खूप वाचला गेला आणि आपल्यासारखे पुष्कळजण आहेत हे एकेकट्या ग्राहकांना कळले. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात सर्व ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. रचनाच सदोष आहे आणि कंपनीला ते ठाऊक होते, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. पण धूळ आत जाऊ नये अशा कळफलकासाठी कंपनीने २०१६ सालीच पेटंटचा अर्ज केला होता, आणि तो मार्च २०१८ मध्ये प्रसिद्धही झाला होता!

दावा दाखल झाला, आणि जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षे मोफत दुरुस्ती जाहीर केली. ज्यांनी आधी पैसे भरले होते, त्यांना ते परत मागण्याची सोय ठेवली. बिघाड थोड्याच यंत्रांत आहे, हे पालुपद मात्र सोडले नाही. पुढच्याच महिन्यात नवे लॅपटॉप आले. त्यांत कळांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा होता. आवाज कमी व्हावा म्हणून तो घातल्याचे सांगण्यात आले. ‘आयफिक्सिट’ या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या संस्थेने चमकणारी भुकटी कळांवर टाकून पाहिली, तेव्हा ती पडद्याच्या कडेला अडली. प्रयोग कसा करावा याचा हा छान नमुना आहे.

मोफत दुरुस्ती मिळाल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही. फिर्यादींचे म्हणणे, बदलून मिळणारा कळफलकही त्याच घडणीचा. तोही पुन्हा बिघडणार, मग याला दुरुस्ती कसे म्हणावे? हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. कंपनीने कळफलकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांकडे बोट दाखवले : रचना वेगवेगळ्या असताना सगळ्यांचा दावा एकत्र कसा चालेल? मार्च २०२१ मध्ये न्यायाधीश एडवर्ड डाव्हिला यांनी सात राज्यांतील ग्राहकांचा दावा एकत्र चालवायला परवानगी दिली.

तोवर तंत्रज्ञानाने आपला निकाल देऊन टाकला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्री परत आली. कळ आता १ मिलिमीटर खाली जात होती. मे २०२० मध्ये १३ इंची यंत्रातही तोच बदल झाला आणि फुलपाखरू संपले.

खटला शेवटपर्यंत चाललाच नाही. जुलै २०२२ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता ५ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. मे २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. वकिलांची फी याच रकमेतून जायची होती. ज्यांचे झाकण दोन किंवा अधिक वेळा बदलले, त्यांना जास्तीत जास्त ३९५ डॉलर, एकदा बदललेल्यांना १२५, आणि फक्त कळीची टोपी बदललेल्यांना ५०. मोफत दुरुस्ती जगभर, म्हणजे भारतातही लागू होती, पण हे पैसे त्या सात राज्यांतल्या खरेदीदारांपुरतेच होते. त्यांचे धनादेश ऑगस्ट २०२४ मध्ये निघाले.