तुपातली शाई

पोथी हाताने नकलून घ्यायची, सोवळ्यात वाचायची आणि अर्थ शास्त्रीबुवांना विचारायचा, अशी जुनी रीत होती. मुंबईत छापखाने आले तेव्हा सनातन्यांना पेच पडला: शाईत चरबी असते, मग छापलेल्या धर्मग्रंथाला हात लावायचा कसा?

तोड काढली गणपत कृष्णाजींनी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या या कारागिराने स्वतःचा छापखाना थाटला आणि धर्मग्रंथांच्या शाईत चरबीऐवजी तूप वापरले.

विटाळाची शंका मिटली, पण छपाईचा खरा परिणाम पुढेच होता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघाले. १८४५मध्ये त्यांनीच संपादलेली ज्ञानेश्वरी छापून आली. १८४८पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या वृत्तपत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रे येऊ लागली. रूढी, जातीचा अभिमान, विधवांचे हाल यांवर त्यांनी उघड कोरडे ओढले.

पूर्वी असा वाद ब्रह्मवृंदापुढे चाले आणि निकालही तिथेच लागे. आता तो चार पैसे मोजणाऱ्या वाचकापुढे आला. छापखान्याने सत्य काय ते ठरवले नाही. ते ठरवण्याची शास्त्र्यांची मक्तेदारी मात्र मोडली.