सायबर छळ : मुले आणि प्रौढ

सायबर छळ म्हणजे मोबाइल, समाजमाध्यमे, ऑनलाइन खेळ किंवा व्हॉट्सॲप गटांतून एखाद्याचा जाणूनबुजून, पुन्हापुन्हा अपमान करणे, त्याला धमकावणे किंवा वाळीत टाकणे. शाळेतल्या दांडगाईचा अभ्यास करणारे डॅन ऑल्वेयस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या होत्या : हेतू, पुनरावृत्ती आणि बळातली तफावत. ऑनलाइन छळात पुनरावृत्तीचे काम गर्दीच करते. एक फोटो शंभर जणांनी पुढे पाठवला की मूळ पाठवणाऱ्याला पुन्हा बोटही हलवावे लागत नाही.

शिवीगाळ दोन्ही वयोगटांच्या वाट्याला जवळपास सारखीच येते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२०च्या पाहणीत ३१ टक्के प्रौढांनी, तर २०२२च्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या ३२ टक्के मुलांनी आपल्याला ऑनलाइन अपशब्द ऐकावे लागल्याचे सांगितले. फरक आहे तो घाव कुठे बसतो यात.

मुलाला छळणारा बऱ्याचदा ओळखीचाच असतो, वर्गातला किंवा शिकवणीतला. फोन बंद केला तरी सकाळी त्याच्याच शेजारच्या बाकावर बसायचे असते. बरोबरीच्या पोरांत आपल्याला काय मान आहे, यावरच या वयात स्वतःची किंमत ठरते. त्यातच आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. असे दिवस सरतात, हे प्रौढाने अनुभवलेले असते. तेरा वर्षांच्या मुलीच्या गाठीशी तो अनुभवच नसतो. मग झोप उडते, सकाळी पोट दुखू लागते, शाळा बुडते. घरी सांगावे तर आधी फोन काढून घेतला जातो, म्हणजे शिक्षा सोसणाऱ्यालाच. मुले गप्प बसतात यात नवल नाही.

मिसुरीतील मेगन मायर तेरा वर्षांची होती. २००६ साली मायस्पेसवरच्या एका ‘मुला’ने आधी मैत्री केली, मग तिला क्रूर शब्दांत झिडकारले, त्यानंतर तिने जीव दिला. असा मुलगा मुळात नव्हताच. बनावट खात्यामागे शेजारच्या एका प्रौढ बाईचाही हात होता. संगणक-गैरवापराच्या कायद्याखाली तिला दोषी ठरवले गेले, पण २००९ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला.

प्रौढांवर बहुधा अनोळखी झुंड तुटून पडते, आणि तिचा रोख चरितार्थावर, अब्रूवर, जाहीरपणे बोलण्याच्या धैर्यावर असतो. युनेस्कोच्या २०२०च्या जागतिक पाहणीत उत्तरे देणाऱ्या महिला पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन हिंसा अनुभवल्याचे नोंदवले. मोठ्यांची कातडी जाड असते, हा समज खोटा आहे. जपानी कुस्तीपटू हाना किमुरा बावीस वर्षांची होती. दूरचित्रवाणीवरील एका रिअ‍ॅलिटी शोनंतर तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला आणि मे २०२०मध्ये तिचा मृत्यू झाला. त्यानंतर जपानने २०२२ साली अपमानाच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्ष कैदेपर्यंत वाढवली.

हा वयाचा भेद ऑस्ट्रेलियाने कायद्यातच मांडला. २०१५ साली तिथे केवळ मुलांसाठी ई-सुरक्षा आयुक्त नेमला गेला. २०२१च्या कायद्याने प्रौढांनाही दाद मागता येऊ लागली. माप मात्र वेगळे ठेवले. मुलाला गंभीर धाक बसेल किंवा त्याची मानहानी होईल असा मजकूर कारवाईला पुरतो. प्रौढाच्या बाबतीत गंभीर इजा करण्याचा हेतूही दिसावा लागतो.

ही सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल. सैल कायद्याचे काय होते, हे भारताने पाहिले आहे. २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते लाइक करणारी दुसरी, अशा दोघींना पालघरमध्ये अटक झाली. त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ इतके ढिले होते की दुसऱ्याला नुसता त्रास वाटणेही गुन्ह्याला पुरे. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले.

भारतात सायबर छळासाठी स्वतंत्र कायदा नाही. मुलांचा लैंगिक छळ पॉक्सो कायद्याखाली येतो. स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी सर्वांना टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत.