पाकिटाशिवाय आलेला खेळ



३ जुलै २०००, सोमवार. चातुर्मास लागायला दोन आठवडेही उरले नव्हते. रात्री ९ वाजता स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. त्याच रात्री त्याच वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिकाही सुरू झाली. तिच्याबद्दल आपण सगळ्या जणी इतकं बोललो आहोत की आज तिला बाजूलाच ठेवते. आज लिहायचंय ते केबीसीच्या खेळाबद्दल. माझ्या लहानपणी मुलांमध्ये एकामागून एक किती लाटा आल्या, पण आपल्यासारख्या घरात काहीही विकत न घेता शिरलेली ही एवढीच.

बाकीच्या बहुतेक लाटा पाकिटातून यायच्या, आणि आपल्या घरात पाकीट म्हटलं की आधी मागची बाजू वाचली जाते. टाझो आठवतात ना? वेफर्सच्या पाकिटात निघणाऱ्या त्या गोल चकत्या, चित्रं असलेल्या. एकावर एक रचायच्या, वरून एक जोरात मारायची, ज्या उलट्या पडतील त्या आपल्या. शतक बदलायच्या आसपास आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत दुसरं काही चालायचंच नाही. आता अडचण तुम्हाला वेगळी सांगायला नको. वेफर्स बटाट्याचे. कंदमूळ घरात येत नाही म्हणजे पाकीट येत नाही, आणि पाकीट नाही म्हणजे टाझो नाही. वर्गात आम्ही तिघी-चौघी जैन मुली होतो, आणि चकत्यांच्या ढिगाभोवतीच्या कोंडाळ्यात बाहेरच्या रांगेत कोण उभं असायचं ते सगळ्यांना पाठ झालं होतं. मोठ्यांना ही गोष्ट फार क्षुल्लक वाटते. दहा वर्षांच्या मुलीला वाटत नाही.

गंमत अशी की या चकतीचा बटाट्याशी मुळात काही संबंध नव्हता. हवाई बेटांवर मुलं दुधाच्या बाटल्यांच्या पुठ्ठ्याच्या झाकणांनी हा खेळ फार पूर्वीपासून खेळायची. पुढे तिथल्याच माउई बेटावरच्या एका दुग्धालयाने पॅशनफ्रूट, संत्रं आणि पेरू यांचं सरबत काढलं. तिन्हींची इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याचं नाव 'पॉग', आणि त्याच्या झाकणांवरून खेळालाही तेच नाव पडलं. १९९१ मध्ये ब्लॉसम गॅल्बिसो या ओआहू बेटावरच्या शिक्षिकेने आपल्या लहानपणीचा हा खेळ वर्गातल्या मुलांना शिकवला, त्यातून गणितही शिकवलं, आणि तिथून तो अमेरिकाभर पसरला. वेफर्सच्या कंपनीने तो उचलला, १९९४ मध्ये मेक्सिकोत पाकिटात चकत्या टाकल्या, आणि काही वर्षांत त्या आमच्या शाळेच्या पटांगणात येऊन पडल्या. एका बाईंनी गणितासाठी काढलेला खेळ बटाट्याच्या पाकिटातून आला म्हणून आमच्या दारातच अडला, हे मला अलीकडे कळलं तेव्हा आज्जीला सांगायची फार इच्छा झाली.

आज्जी कडक होती, पण आडमुठी नव्हती. मैत्रिणीकडून चिंचा-आवळ्यांच्या बदल्यात मी टाझो मिळवला की ती एवढंच म्हणायची, "बाहेरच्या नळावर धुऊन आण, मग आत ये." चकतीला वेफर्सचा मसाला लागलेला असायचा. तो धुतला की तिच्या लेखी ती नुसती चकती. असे सहा-सात टाझो माझ्याकडे होते, सगळे स्वच्छ धुतलेले.

भावांकडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांचे पत्ते होते. त्यात खाण्यापिण्याचं काही नव्हतं, म्हणून चालायचे. उंची, वजन, छाती, दंड, रँक असे आकडे प्रत्येक पत्त्यावर, आणि ज्याचा आकडा मोठा तो समोरच्याचा पत्ता घेणार. त्यातली पाठांतराची बाजू मला आवडायची, कुस्तीगीर नाही. रुबिकचा ठोकळा, व्यापारचा डाव हेही आले आणि माळ्यावर गेले.

प्रश्नमंजूषा मात्र तोवर आपल्यासारख्यांची नव्हतीच. भारतात पहिली खुली क्विझ १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी घेतली. १९७२ पासून बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट आली, आधी हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी. १९९२ नंतर तीच टीव्हीवर, डेरेक ओब्रायन यांच्याबरोबर. दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' होता. हे सगळं इंग्रजीत, झपाझप, मोठ्या शहरांतल्या शाळांच्या मुलांचं. सांगली भागातल्या मराठी शाळेतली मुलगी ते बघायची, पण दुसऱ्याच्या घरचं लग्न खिडकीतून बघावं तसं.

केबीसीचं दिग्दर्शनही सिद्धार्थ बसूंचंच. मूळ साचा ब्रिटनमधला, तिथे तो १९९८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला होता. मला वाटतं, या साच्यातली खरी युक्ती करोडमध्ये नव्हती, चार पर्यायांमध्ये होती. उत्तर माहीत असणं आणि उत्तर समोर आलं की ओळखता येणं यात फार अंतर आहे. ज्यांची शाळा चौथीत सुटली, ज्या कधी कुठल्या परीक्षेला बसल्या नाहीत, त्यांनाही समोर चार नावं ठेवली की एक ओळखीचं दिसतं. शिवाय भाषा हिंदी, आणि विचारणारा अमिताभ बच्चन समोरच्याला खुर्चीवर बसवून, नाव-गाव विचारून, पाणी देऊन मग प्रश्न टाकणारा. परीक्षक कमी, पाहुणचार करणारा यजमान जास्त.

आणि वेळ! सोमवार ते गुरुवार, रात्री ९. हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. शेजारच्या काकूंच्या घरी नऊ म्हणजे भाकऱ्या थापायची वेळ. त्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या, "काय झालं गं, बरोबर आलं का?" आपल्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं. नऊ वाजता चूल थंड, भांडी पालथी, ओटा पुसलेला. त्यामुळे आमच्या घरातल्या बायका पूर्ण तास बसून बघू शकायच्या. सूर्यास्तापूर्वी जेवायच्या नियमाने आरोग्याचं काय भलं होतं ते सगळे सांगतात. माझ्या आईला आणि आज्जीला त्याने केबीसी दिलं. शेवटी काकूच भाकऱ्या लवकर उरकून आमच्याकडे यायला लागल्या.

पण घरात वाद झाला. सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं. अण्णांचं म्हणणं, पैसे लागलेत म्हणजे जुगारच, मुलांना का दाखवता? आज्जीने दोन-तीन रात्री नीट बघितलं आणि मग बोलली, "खुर्चीवरच्यानं स्वतःचं काय लावलंय? कायच नाही. मग कसला जुगार?" अण्णा म्हणाले, मिळालेलं लावतोय की. आणि त्यात तथ्य होतं. पहिल्या पर्वात प्रश्न पंधरा, सुरुवात १ हजार रुपयांपासून. १० हजार आणि ३ लाख २० हजार हे दोन पक्के टप्पे. ५० लाखांवर पोचून शेवटच्या प्रश्नाला चुकलं, तर माणूस थेट ३ लाख २० हजारांवर. घरातला खरा प्रश्न तिथे सुरू व्हायचा, थांबायचं की पुढे जायचं. आज्जीला 'खेळ सोडतो' म्हणणारी माणसं मनापासून आवडायची. ती त्याला परिग्रह-परिमाण म्हणायची. स्वतःहून आखलेली रेघ. आई उलट चिडायची, "उत्तर येत होतं की त्याला!" या एका मुद्द्यावर सासू-सुनेचं कधी जमलं नाही, आणि मी आजही आईच्या बाजूची आहे.

अण्णांची शंका अगदीच गैरलागू नव्हती. मोठ्या पैशाच्या क्विझने अमेरिकेत आधी हात पोळून घेतले होते. १९५५ मध्ये ६४ हजार डॉलरच्या प्रश्नाचा कार्यक्रम आला आणि देश वेडा झाला. मग 'ट्वेंटी-वन' नावाचा दुसरा. त्यात चार्ल्स व्हॅन डोरेन हा महाविद्यालयात शिकवणारा तरुण घराघरांत लाडका झाला, आणि १९५९ मध्ये त्याने संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की उत्तरं त्याला आधीच सांगितली जायची.

आमचा घरचा खेळ मात्र बुटांच्या खोक्याचा होता. पुठ्ठ्यावर पंधरा आकडे, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि बच्चन मोठा भाऊ. प्रश्न शाळेच्या पुस्तकांतून, वर्तमानपत्रातून आणि पाठशाळेच्या वहीतून. कासव हे कोणत्या तीर्थंकरांचं लांछन? अ, मल्लिनाथ. ब, मुनिसुव्रतनाथ. क, नमिनाथ. ड, नेमिनाथ. इथे भल्याभल्यांची गडबड व्हायची. कलश, कासव, नीलकमल, शंख हा क्रम आज्जीला झोपेतही यायचा. त्यामुळे 'फोन अ फ्रेंड' म्हणजे आज्जी. फोन लावायचा म्हणजे माजघराच्या दारातून हाक मारायची, आणि ती आतून "हॅलो" म्हणायची. आयुष्यभर तिला लोकांनी लोणच्याचं प्रमाण विचारलं होतं. आता नातवंडं उत्तर विचारत होती, ३० सेकंदांच्या आत, आणि तिच्या उत्तरावर डाव तरायचा किंवा बुडायचा. त्या वर्षी दशलक्षण पर्वात मंदिरातल्या प्रश्नमंचालाही चार पर्याय आले, आणि बक्षीस स्टीलची वाटी. तिथे बाहेरच्या रांगेत उभं राहायचा प्रश्न नव्हता.

पुढे वाचनात 'ज्ञान चौपड' आली आणि मला आज्जी-अण्णांचा वाद नव्याने आठवला. राजस्थान-गुजरातेतल्या जैन घरांमधले हे जुने पट, कापडावर किंवा कागदावर रंगवलेले, बहुधा ८४ घरांचे. खाली नरक, वर स्वर्ग, सर्वांत वर सिद्धशिला. गुणांच्या शिड्या, दोषांचे साप. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाच खेळ सापशिडी म्हणून विकला जाऊ लागला आणि मग तो खोक्यात बसून आपल्याकडे परत आला. नाव ज्ञानाचं, पण खेळणाऱ्याला काहीच माहीत असावं लागत नाही. कवड्या पडतील तसं चढायचं-उतरायचं. केबीसीत बरोबर उलटं. ज्ञान लागतं, आणि वर पोचल्यावर मिळतं ते धन. माझ्या मनात हे दोन पट शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि कुठला जास्त खरा ते ठरत नाही.

२००० सालीच हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा २७ वर्षांचा मुलगा पहिला करोडपती झाला. आमच्या गल्लीत तो सगळ्यांच्या नात्यातला असल्यासारखे पेढे वाटले गेले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत खोकं फाटलं, टाझो कुठे गेले देव जाणे.

२०१३ मध्ये हा खेळ मराठीत आला, 'कोण होईल मराठी करोडपती', सचिन खेडेकर विचारणारे. आज्जीला तेव्हा ऐकू कमी यायचं, आवाज मोठा ठेवावा लागायचा. प्रश्न आपल्या भाषेत आल्यावर ती पर्याय यायची वाट बघेना. उत्तर आधीच सांगून टाकायची आणि मग चारही पर्याय पुरे होईस्तोवर आमच्याकडे बघत बसायची. फक्त नाव तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "करोडपती कशाला?" म्हणायची, "कोण होईल हुशार, म्हणावं की."